जी आणि एच

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
लफबरोच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
मिसेस टक्सफर्ड फळ्यावर शब्द लिहितात,
एकाखाली एक, किराण्याच्या यादीसारखे.
नाइट. लाइट. डॉटर. डो. रफ. कॉफ. थ्रू.
सगळ्यांच्या पोटात जी आणि एच,
मांडीला मांडी लावून बसलेले,
आणि बहुतेक ठिकाणी तोंड शिवलेले.
गावाच्या नावातसुद्धा ही जोडी दोनदा:
एकदा फ होऊन,
एकदा नाहीशी होऊन.

“हे म्हणायचे नाहीत. फक्त लिहायचे.”
झ्बिग्निएव हसतो, ज्याच्या स्वतःच्याच नावात
व्यंजनांची झोंबाझोंबी.
होदान विचारते, मग लिहायचे तरी कशाला?
बाई चष्मा पुसतात. म्हणतात,
पूर्वी म्हणत असत, घशातून, खाकरल्यासारखं,
मग लोकांनी हळूहळू सोडून दिलं.

म्हणजे भाडेकरू गेला,
दारावरची पाटी कुणी काढली नाही.

मी वहीत शब्दांसमोर अर्थ मांडते.
डो म्हणजे मळलेली कणीक.
रोज मळते, पण त्यात हे दोघे असतील
असं वाटलं नव्हतं.
बाउ म्हणजे झाडाची फांदी.
आमच्यात पोराला खरचटलं की बाऊ.
ड्राउट म्हणजे अवर्षण.
हा शब्द या गावात कुठे वापरायचा, देव जाणे.
स्लॉटर म्हणजे कत्तल,
आणि त्याचा पहिला एस खोडला
की उरतं लाफ्टर, हसणं.
मी तीनदा खोडून पाहिलं.

आपला घ इंग्रजीत लिहायचा
तर हीच दोघं लागतात.
पण घ कधी गप्प बसलाय?
घर. घास. घाम. घंगाळ. घट्टे.
तोंडासमोर तळहात धरून म्हणून बघा,
छातीतला वारा हाताला लागतो.

माझं आडनाव वाघ.
सर्जरीत पहिल्यांदा पुकारा झाला,
“मिस्टर वाफ?”
लाफसारखं वाचलं होतं बिचारीने, नियमाला धरून.
हे खोकत उठले, माझ्याकडे वळून म्हणाले,
“वाघाची शेळी झालेली ऐकली होती गं,
वाफ आजच झाली.”
आणि हसले, आणि हसता हसता पुन्हा खोकले.
लाफ आणि कॉफ, दोन्हींच्या शेवटी
तेच दोघे फ होऊन बसलेत,
हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दोन हिवाळे झाले.
मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते.
वाफ दिवसभर अंगावर येते.
गॅसचं बिल अजून मिस्टर एन. वाघ यांच्या नावे येतं.
मेघना दर फोनला सांगते, आई, नाव बदलून घे,
पाच मिनिटांचं काम आहे.
असेल.
शाळेत हजेरीला तिची मेगना झाली ती झालीच,
आता ऑफिसात स्वतःच तसं सांगते.
तिच्या पासपोर्टावर मात्र एच आहे.
मी उघडून पाहिला होता.

आज बाई म्हणाल्या, तुमचं नाव
तुमच्या पद्धतीने म्हणून दाखवा.
म्हटलं.
झ्बिग्निएव वाग म्हणाला, होदान वाह म्हणाली,
बाईंनी दोनदा प्रयत्न केला,
मग ओठांसमोर तळहात धरून तिसऱ्यांदा,
आणि हाताकडे बघत राहिल्या.
गृहपाठ दहा वाक्यं.

खाली आले तर स्टॉपवर कुणी नव्हतं.
थंडी अशी की बाक ओला आहे की गार, कळेना.
बसला अकरा मिनिटं होती.
मी इकडेतिकडे पाहिलं
आणि मोठ्याने म्हटलं, वाघ.
तोंडातून वाफ निघाली,
दिव्याखाली क्षणभर थांबली.
पुन्हा म्हटलं.

मग बस आली.
ड्रायव्हरला म्हटलं, सिंगल, प्लीज.